परदेशी डिग्री: फी भरण्याआधी कागदावरचा दर्जा वाचा

निकाल लागले की आमच्या घरी संध्याकाळी पालकांची ये-जा सुरू होते. कुणाला अकरावीची शाखा विचारायची असते, कुणाला डिप्लोमानंतर काय करायचे ते. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात एक नवा प्रश्न आला आहे: "सर, पोराला बाहेर पाठवायचं म्हणतोय." पूर्वी बाहेर म्हणजे सौदी, दुबई, कतार आणि तेही कामाला. आता बाहेर म्हणजे शिकायला. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, सगळीकडून ही विचारणा होते, आणि मुलींसाठीही होते याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

मागच्या पावसाळ्यात कामशेतकडून एक गृहस्थ आले. त्यांचे गॅरेज आहे. मुलगा आमचाच जुना विद्यार्थी, बी.कॉम. झालेला. पिशवीतून त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक काढले. लंडनमधले एक कॉलेज, आठ-नऊ महिन्यांचा कोर्स, आणि एजंटाचे म्हणणे, "मास्टर्सच आहे, फक्त लवकर संपतं." पैशांसाठी गावाकडची दोन गुंठे जागा विकायचे बोलणे चालू होते. आम्ही चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. कुठेही मास्टर्स हा शब्द नव्हता. लिहिले होते: पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा, लेव्हल ७.

एजंट पूर्ण खोटे बोलला होता असेही नाही. इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या पायऱ्यांना क्रमांक आहेत. आपल्या बारावीच्या बरोबरीची तिथली परीक्षा लेव्हल ३, बॅचलर डिग्री संपते ती लेव्हल ६, मास्टर्स लेव्हल ७ आणि पीएच.डी. लेव्हल ८. म्हणजे लेव्हल ७ हा मास्टर्सचा मजला खरा. पण मजला एक असला तरी खोल्या वेगळ्या असतात. तिथे पूर्ण मास्टर्सला १८० क्रेडिट लागतात, पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमाला १२० आणि पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेटला ६०. तिन्ही लेव्हल ७, पण डिग्री एकच. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधण्याचा जो ग्रॅज्युएट व्हिसा आहे, तो बॅचलर, मास्टर्स आणि पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. अशा डिप्लोमावर तो मिळत नाही. एजंटाच्या सगळ्या बोलण्याचा पाया होता, "तिथे दोन वर्षे कमवेल आणि पैसे वसूल." तो पायाच त्या कागदावर नव्हता.

(जाता जाता: हा व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर-मास्टर्सवाल्यांना दीड वर्षाचाच मिळणार आहे. हिशेब मांडताना नवा आकडा धरा.)

ते गृहस्थ गेल्यावर आम्ही विचार करत बसलो. दहावीच्या मुलांना आपण समीकरणे शिकवतो, पण डिग्री म्हणजे काय, ती कोण देते, तिची पायरी कशी ओळखायची, हे शाळेत कुठेच शिकवत नाही. म्हणून हा लेख.

एका नावापुढच्या पदव्या

उदाहरण आपल्याच भागाला जवळचे घेऊ. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगावात त्यांचा बंगला आहे. त्यांच्या नावापुढे पदव्यांची जी रांग लिहिलेली असते ती आपण सगळ्यांनी वाचली आहे: एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. आपण आदराने वाचतो आणि पुढे जातो. पण ही एक रांग नीट उलगडली तर परदेशी शिक्षणाचा अर्धा धडा त्यात आहे.

बी.ए. त्यांनी मुंबईत केले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया हे खासगी विद्यापीठ आहे. आपल्याकडे खासगी म्हटले की डोनेशनवाले कॉलेज डोळ्यांसमोर येते, पण अमेरिकेत हार्वर्ड, कोलंबिया, स्टॅनफर्ड ही सगळी खासगीच. तिथे १९१५ साली त्यांनी एम.ए. केले. पीएच.डी. मात्र त्यांना रीतसर मिळाली १९२७ साली.

मधल्या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. नावात स्कूल आहे म्हणून ती शाळा नव्हे. आणि त्या काळी ही संस्था स्वतःच्या नावाने डिग्री देत नव्हती. ती लंडन विद्यापीठाचा भाग होती, म्हणून डिग्री लंडन विद्यापीठाची. स्वतःच्या नावाने डिग्री द्यायला तिने सुरुवात केली २००८ साली. लंडनमध्ये त्यांनी १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. घेतली. लक्षात घ्या, हातात अमेरिकेची एम.ए. असताना त्यांनी तिथे पुन्हा मास्टर्सची पायरी चढली. एका देशातली पदवी दुसऱ्या देशात जशीच्या तशी पुढे सरकतेच असे नाही, हे शंभर वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे.

आता बार-अ‍ॅट-लॉ. ही डिग्री नाहीच, आणि ती देणारी ग्रेज इन ही संस्था विद्यापीठ नाही. तो वकिली करण्याचा परवाना. आपल्या पुण्याचे मौलवी सर रफिउद्दीन अहमदही लंडनला जाऊन असेच बॅरिस्टर झाले आणि पुढे मुंबई इलाख्यात मंत्री झाले. आजही हिशेब तपासनीस, वकील, नर्स, शिक्षक अशा धंद्यांत शिक्षण एक आणि परवाना दुसरा असतो. मुलगी परदेशात बी.एड.सारखा कोर्स करून आली तरी इथल्या शाळेत नोकरीसाठी इथले नियम लागू होतात.

आणि आणखी एक. १९५३ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.लिट. दिली. ती मानद पदवी, सन्मान म्हणून दिलेली. उस्मानियासारख्या विद्यापीठाने दिलेला मान तो मान. पण हल्ली हॉलमध्ये कार्यक्रम घेऊन, पाकीट घेऊन "मानद डॉक्टरेट" वाटणाऱ्या संस्था निघाल्या आहेत, त्यांच्या कागदाला कुठल्याही विद्यापीठाच्या दारात किंमत नाही. आपल्या समाजातलीही चार भली माणसे त्यात फसली आहेत, म्हणून लिहिले.

कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि जामिया

आपल्याकडची पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. शिकवते कॉलेज, परीक्षा आणि डिग्री सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. म्हणून कॉलेजचे नाव काहीही असले तरी डिग्रीवर विद्यापीठाचा शिक्का येणार याची आपल्याला खात्री असते. परदेशात ही खात्री धरून चालत नाही.

अमेरिकेत बोलताना कॉलेज आणि युनिव्हर्सिटी हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतात. डार्टमथ कॉलेज हे नाव कॉलेज असले तरी मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत बसते. पण तिथेच कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार आहे, तिथे मुख्यतः दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते. ही बॅचलरच्या खालची पायरी. दोन वर्षे कमी फीमध्ये करून पुढची दोन वर्षे विद्यापीठात जाता येते, ही चांगली सोय आहे. पण घरी येऊन "पोरगा अमेरिकेत ग्रॅज्युएट झाला" म्हणायला अजून दोन वर्षे शिल्लक असतात. कॅनडात तर हा फरक आणखी ठळक आहे. तिथे युनिव्हर्सिटी डिग्री देते आणि कॉलेज बहुतेक वेळा डिप्लोमा, सर्टिफिकेट देते. आपल्याकडचा पदवीधर तिथल्या कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा करायला जातो, म्हणजे कागदावर एक पायरी खाली उतरतो. हाताला काम देणारे शिक्षण म्हणून ते कमी नाही, पण त्याला मास्टर्स समजून जाऊ नये.

उर्दू वाचणाऱ्यांना हे चटकन कळेल. जामिया म्हणजे विद्यापीठ. दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया १९८८ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, तिची बी.ए., बी.टेक. देशभर चालते. पण गावोगावच्या मोठ्या मदरशांच्या पाटीवरही जामिया लिहिलेले असते. तिथली तालीम आपल्या जागी मोलाची, तरी त्या पाटीमुळे सरकारी कागदावर ते विद्यापीठ ठरत नाही. भारतात विद्यापीठ हा शब्द लावायला कायदा लागतो. यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढते, त्यात महाराष्ट्रातले नाव आहे नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे. म्हणजे पाटीवर अरबी असो की इंग्रजी, यादी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

मदरशातून आलिम, फाझिल झालेल्या मुलांबद्दलही विचारणा होते. काही मदरशांच्या सनदा जामिया मिल्लिया, अलिगढ आणि हैदराबादची मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी ठरावीक प्रवेशांसाठी मानतात. मदिनेची इस्लामिक युनिव्हर्सिटी किंवा कैरोची अल-अझहर यांच्याकडे जायचे तर आपल्या मदरशाचा तिथे मुआदला आहे का, हे आधी विचारावे लागते. मुआदला हा शब्द आपल्याला माहीत आहे. मराठीत त्यालाच समकक्षता म्हणतात. आणि गंमत अशी की मदरशातले हे पोरगे हा प्रश्न न चुकता विचारते, पण इंग्रजी शाळेतला पदवीधर लंडनच्या कॉलेजला तो विचारत नाही.

जर्मनीचे दोन दरवाजे

तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे जर्मनीचे नाव घरोघरी झाले आहे. जर्मनीत साधारणपणे दोन प्रकारच्या उच्च शिक्षण संस्था भेटतात. एक युनिव्हर्सिटेट, त्यात टेक्निकल युनिव्हर्सिटीही आल्या. तिथे सिद्धांत आणि संशोधनावर भर. दुसरी होखशूल, जुने नाव फाखहोखशूल, इंग्रजीत युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस. तिथे कारखान्याशी जोडलेले शिक्षण, प्रोजेक्ट, कंपनीत सहा-सहा महिन्यांचे काम. दोन्हींची बॅचलर आणि मास्टर्स डिग्री कायद्याने एकाच पायरीची. फरक पडतो तो पुढे पीएच.डी. करायची असेल तर. ती परंपरेने युनिव्हर्सिटेटकडे आहे. मुलाचा ओढा वर्कशॉपकडे असेल तर होखशूल त्याला अधिक मानवेल, आणि यात कमीपणा काही नाही.

फीच्या बाबतीत मात्र दुसरीच विभागणी बघायची: सरकारी की खासगी. सरकारी संस्थांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, फक्त सहामाही वर्गणी असते. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. खासगी संस्थांची फी मात्र लाखांत जाते. एजंट ज्या संस्थांची नावे पुढे करतात त्यांत खासगीच जास्त दिसतात. कारण सरळ आहे: बहुतेक सरकारी विद्यापीठे एजंटाला कमिशन देत नाहीत.

फी नाही म्हणजे खर्च नाही असे समजू नका. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाखांच्या पुढे, बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यातून सुटते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र घ्यावे लागते. तिथे आपले सगळे शैक्षणिक कागद तपासले जातात. यामुळे बनावट मार्कशीटवाले अडतात आणि खऱ्यांचा रस्ता थोडा मोकळा होतो. नुसत्या बारावीवर तिथे सहसा थेट बॅचलरला प्रवेश होत नाही. इथे कॉलेजचे एक वर्ष तरी पूर्ण केलेले असावे लागते किंवा तिथल्या श्टुडिएनकोलेगमध्ये तयारीचे वर्ष काढावे लागते.

आणि एक तिसरा रस्ता आहे तो म्हणजे आउसबिल्डुंग. कंपनीत काम आणि शाळेत शिक्षण, महिन्याला भत्ता, सहसा तीन वर्षे. आपल्या आयटीआयसारखे, पण तिथे त्याला मोठी इज्जत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला तेव्हा बऱ्याच पालकांचा समज झाला की सरकार पोरांना जर्मनीत डिग्रीला पाठवते आहे. तो विषय कामाचा होता, डिग्रीचा नव्हे. आउसबिल्डुंग पूर्ण केलेल्या मुलाला कुशल कारागीर म्हणून चांगली नोकरी लागते, पण तो बी.ई. होत नाही. हे समजून जाणाऱ्याला पश्चात्ताप नाही.

तीन वर्षांची डिग्री, चार वर्षांची डिग्री

आपले बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांचे, बी.ई. चार वर्षांचे. इंग्लंडमध्ये बॅचलर तीन वर्षांचीच, त्यामुळे तिथे आपल्या मुलांना अडत नाही. अमेरिकेत बॅचलर चार वर्षांची, आणि तिथली अनेक विद्यापीठे मास्टर्सला प्रवेश देताना सोळा वर्षांचे शिक्षण मोजतात. बारा अधिक तीन पंधराच होतात. काही विद्यापीठे तीन वर्षांची डिग्री घेतात, काही आधी इथे एम.कॉम. करून या म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी थांबायची किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायची मुभा आली आहे. परदेशाचा विचार असेल तर ते चौथे वर्ष फुकट जात नाही, हे आत्ता पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

याच्या उलट अडचण परत येताना होते. इंग्लंडची मास्टर्स एका वर्षाची. आपल्याकडे दोन वर्षांची. अनेक वर्षे ही पोरे परत आली की "तुमची एम.एस्सी. अर्धीच" असे ऐकून घेत. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला आणि एक वर्षाची मास्टर्सही त्यात धरली गेली. डॉक्टरी, वकिली, इंजिनीयरिंगसारख्या परवान्याच्या पदव्या त्याबाहेर आहेत. समकक्षतेचे दाखले वर्षानुवर्षे दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देत आली. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने यासाठी स्वतःचे नवे नियम काढले आहेत. इथे सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी. करायची तर हा दाखला लागणारच. म्हणून प्रवेश घेण्याआधीच तो कोर्स या नियमांत बसतो का ते बघायचे. परत आल्यावर बघून उपयोग नाही.

डॉक्टरकीचा मामला

आमच्याकडे सगळ्यात जास्त अश्रू याच विषयात वाहतात, म्हणून थोडे सविस्तर.

पुण्याच्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. आपण एम.डी. म्हटले की एम.बी.बी.एस.नंतरचा स्पेशालिस्ट समजतो. अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टरकीची पहिलीच डिग्री आहे. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स या देशांतही पहिल्या डिग्रीला एम.डी. म्हणतात. म्हणून कुणी सांगितले की "तिकडे सहा वर्षांत थेट एम.डी. होतो", तर अर्थ एवढाच की इथल्या एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची डिग्री मिळते, आणि तीही अटी पाळल्या तर.

अटी नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांत आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. सगळे शिक्षण एकाच संस्थेत, अधेमधे कॉलेज बदलणे नाही. त्या डिग्रीवर त्याच देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होऊ शकली पाहिजे. जाण्याआधी नीट उत्तीर्ण हवे. परत आल्यावर परवान्याची परीक्षा, ३०० पैकी १५० गुण, आणि पुन्हा इथे इंटर्नशिप. या परीक्षेत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच कितीतरी जास्त असतात.

फिलिपिन्सचे उदाहरण बघा. तिथे आधी बी.एस. आणि मग चार वर्षांची एम.डी. अशी रचना. एजंटांनी दोन्ही मिळून वर्षे मोजून दाखवली. पण बी.एस. हा डॉक्टरकीचा भाग धरता येत नाही असे आपल्या कमिशनने म्हटले, आणि चार वर्षे म्हणजे ४८ महिने. ५४ला सहा कमी. शेकडो घरे त्या सहा महिन्यांनी हादरली. कॉलेज खरे होते, शिक्षण खरे होते, पोरे मेहनती होती. पायरी मोजण्यात चूक झाली.

खरे की खोटे, हे कुठे बघायचे

२०११च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. दीड हजारांवर विद्यार्थी, त्यात बहुसंख्य भारतीय, मुख्यतः तेलुगू भाषक. काही मुलांच्या पायांत नजर ठेवण्यासाठी यंत्रे बसवली. त्या संस्थेकडे विद्यार्थी व्हिसाचे कागद देण्याची सरकारी परवानगी होती. पण शैक्षणिक मान्यता नव्हती. संस्था चालवणाऱ्या बाईंना २०१४ साली सोळा वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पण मुलांची वर्षे परत आली नाहीत. "व्हिसा मिळतोय ना, मग कॉलेज खरंच असणार", हा समज यातून जायला हवा. व्हिसाची परवानगी आणि डिग्रीची मान्यता ही दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत.

अमेरिकेची मान्यता तिथल्या शिक्षण खात्याच्या यादीत दिसते. इंग्लंडमध्ये ऑफिस फॉर स्टुडंट्स नोंदणीची यादी ठेवते आणि कुणाला स्वतःची डिग्री देण्याचा हक्क आहे तेही त्यात लिहिलेले असते. जर्मनीसाठी अनाबिन नावाची यादी आहे. आपले विद्यापीठ आणि आपली डिग्री तिथे कशी धरली जाते ते त्यात कळते. संस्थेच्या नावापुढे एच प्लस असले तर मान्य, एच मायनस असले तर नाही. या याद्या मोबाइलवर फुकट दिसतात. घरातल्या पदवीच्या पोरीला बसवा, अर्ध्या तासात काढून देईल.

शाखांचीही एक गोष्ट. दुबईत, मलेशियात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या शाखा आहेत, जसे दुबईत हेरियट-वॉट, मलेशियात नॉटिंगहॅम आणि मोनॅश. तिथली डिग्री मूळ विद्यापीठाचीच असते, आणि दुबईत मामू-चाचाचे घर असेल तर मुलीला पाठवायला आईचे मनही तयार होते. पण शाखा वेगळी आणि एखाद्या विद्यापीठाशी "टाय-अप" असलेले कॉलेज वेगळे. डिग्रीवर कुणाचे नाव येणार, एवढे लेखी मागा.

पायरीवर पैसाही ठरतो

आपल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज नको ही अट असते. त्या अटीचा मान ठेवूनही रस्ते आहेत, आणि ते डिग्रीच्या पायरीवर अवलंबून आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. परदेशात बॅचलर करणे सगळ्यात महाग, कारण वर्षे जास्त आणि शिष्यवृत्त्या कमी. मास्टर्सला शिष्यवृत्त्या बऱ्या: युरोपची इरास्मस मुंडस, जर्मनीची डाड, इंग्लंडची चेव्हनिंग, तिला मात्र आधी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. तुर्कस्तानची तुर्कीये बुर्सलारी बॅचलरपासून पीएच.डी.पर्यंत तिन्ही पायऱ्यांना आहे आणि आधी भाषेचे एक वर्ष देते. आणि पीएच.डी.? अमेरिकेत चांगल्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्याची फी सहसा माफ होते आणि वर शिकवण्याचा किंवा संशोधनाचा पगार मिळतो. जर्मनीत तर ती बऱ्याच वेळा चक्क नोकरीच असते. म्हणजे सर्वांत वरची पायरी खिशाला सर्वांत हलकी. हुशार मुलीला "एवढं शिकून काय करणार" म्हणणाऱ्या घरांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

केंद्राची "पढो परदेश" ही अल्पसंख्याकांसाठीची व्याज-अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद झाली. एजंट अजून तिचे नाव घेतात. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद महामंडळाची कर्ज योजना यांची चौकशी मात्र जरूर करा. जाहिराती थोड्या दिवसांसाठीच निघतात.

कामशेतच्या त्या मुलाचे काय झाले? आम्ही त्याच्याकडून त्या कॉलेजला एक ईमेल पाठवायला लावला. चार प्रश्न: कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या कागदाचे पूर्ण नाव काय, त्यावर कुणाचे नाव असेल, एकूण क्रेडिट किती, आणि त्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो का. दहा दिवसांनी उत्तर आले. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे आले, दुसऱ्याच्या जागी माहितीपत्रकच पुन्हा जोडले होते, चौथ्याला "आपल्या सल्लागाराशी बोला". वडिलांनी ते वाचले, दोनदा वाचले, आणि जागेचा व्यवहार थांबवला. मुलगा आता एम.कॉम. करतो आहे आणि आठवड्यातून तीन दिवस लोकलने शिवाजीनगरला जाऊन जर्मन शिकतो. गाडीत बसून शब्द घोकतो, शेजारचे प्रवासी वैतागतात म्हणे.

परवा तो मार्कशीट दाखवायला आला होता. सगळ्या मूळ मार्कशीट प्रेमाने लॅमिनेट करून आणलेल्या. आम्ही डोक्याला हात लावला. बाहेर जायचे तर या कागदांच्या मागे शिक्के मारावे लागतात आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. आता विद्यापीठात दुसरी प्रत मिळवायला अर्ज केला आहे. तुमच्या घरचे मूळ कागद अजून मोकळे असतील तर तसेच फाइलमध्ये राहू द्या.